माळ्यावरची कॅसेट ते समाजमंदिराचा पडदा: लढ्यांचं जुनं शूटिंग कसं वाचवायचं

आमच्या घणसोलीच्या जुन्या घरात माळ्यावर एक व्हीएचएस कॅसेट पडून होती. पाठीवर बाबांच्या अक्षरात 'ताईची हळद' असं लिहिलेलं. घर पाडायला काढलं तेव्हा ती भंगारवाल्याच्या पोत्यात जाता जाता वाचली, तीही ताईने हट्ट धरला म्हणून. चालवून पाहिली. एक तास अठरा मिनिटं हळद: बँजो, नाचणाऱ्या काकवा, पाटावर बसलेली ताई. मग चित्र फाटलं, दोनेक सेकंद नुसत्या मुंग्या आल्या आणि एकदम रणरणत्या उन्हात बाबा दिसले. कंपनीच्या गेटसमोर पत्र्याच्या पिंपावर उभे, मूठ वर, घोषणा देताहेत. पुढे बावीस मिनिटं ती द्वारसभा होती.

आधीचा सव्वा तास हळदीखाली गेला होता. युनियनने शूटिंग करून घेतलेली कॅसेट घरी पडून होती. लग्नघाईत कुणीतरी 'कोरी आहे' म्हणून शूटिंगवाल्याच्या हातात दिली असणार.

त्या बावीस मिनिटांमागे मी दीड वर्ष घालवलं. कॅसेटची फाइल करणं, साल शोधणं, माणसं ओळखणं, शेवटी गावच्या समाजमंदिरात दाखवणं, हे सगळं चुका करत शिकलो. वागळे इस्टेटच्या आसपासच्या चाळी, ठाणे-बेलापूर रस्त्यालगतची गावं, माथाडींच्या वसाहती, उरण-पनवेलकडची घरं, कुठेही असाल तर तुमच्याही माळ्यावर असं काही असू शकतं. त्या काळी संप असो, मोर्चा असो की साखळी उपोषण, शूटिंगला बहुधा लग्नाचाच शूटिंगवाला यायचा. त्यामुळे आंदोलनं लग्नाच्या कॅसेटींत मिसळलेली सापडतात.

१. लेबल वाचून कॅसेट बाजूला टाकू नका

सगळ्यात मोठा सापळा हाच, म्हणून आधी सांगतो. 'गणपती', 'बारसं', 'पिक्चर' असं काहीही लिहिलेलं असो, कॅसेट शेवटापर्यंत बघा. १८० मिनिटांच्या कॅसेटवर दीड तासाचं लग्न असेल तर उरलेल्या दीड तासात काय आहे ते तिथे गेल्याशिवाय कळत नाही.

उलटंही होतं. कॅसेटवर 'जासई' (उरण तालुक्यातलं गाव) लिहिलेलं असतं आणि घरातले छातीठोकपणे सांगतात की हे ८४ सालचं आंदोलन आहे. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला जमीन संपादनाविरुद्धच्या लढ्यात उरण तालुक्यात गोळीबार झाला, पाच जण हुतात्मा झाले. लढ्याचे नेते दि. बा. पाटील यांचं नाव आणि साडेबारा टक्क्यांची योजना (संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ मालकाला परत) या लढ्याशी कायमची जोडली गेली. पण दरवर्षी त्याच तारखांना अभिवादनाचा कार्यक्रमही होतो, आणि घरांत असलेल्या कॅसेटी बहुतेक त्या कार्यक्रमांच्या असतात. स्मारकाला कुणी हार घालताना दिसला तर ते शूटिंग नंतरचं, इतकं साधं आहे. तरीही मी एका काकांशी यावरून अर्धा तास वाद घातला आहे. नंतरच्या कार्यक्रमाची कॅसेटही मोलाचीच. फक्त तिला १९८४ म्हणू नका.

२. वही करा, आजच

दोनशे पानी वही घ्या. प्रत्येक कॅसेटला किंवा रिळाला एक नंबर द्या, पेन्सिलीने. मग लिहा: कुणाच्या घरातून आली, कुणी दिली, कोणत्या तारखेला, डबीवर काय लिहिलंय (चुकीचं वाटलं तरी जसंच्या तसं), आत चिठ्ठी, पावती, कात्रण काही होतं का. डबीतला कागद फेकू नका. आमच्या डबीत शूटिंगवाल्याची पावती निघाली, आणि पुढे ती किती कामाला आली ते दहाव्या पायरीत सांगतो.

३. व्हीसीआरमध्ये घालण्याआधी

कॅसेट मिळाली की हात शिवशिवतात. थांबा. डबीच्या खिडकीतून उजेडात बघा. फितीच्या कडेवर पांढुरकी पूड किंवा जाळीसारखं काही दिसलं तर ती बुरशी आहे. आपल्याकडे चार महिने भिंती पाझरतात, माळ्यावरच्या कॅसेटला बुरशी न लागली तरच नवल. अशी कॅसेट चालवली तर बुरशी व्हीसीआरच्या हेडला लागते आणि तिथून पुढच्या प्रत्येक कॅसेटला. तिला वेगळ्या पिशवीत ठेवा आणि साफ करणाऱ्या माणसाकडेच द्या. घरी ओल्या फडक्याने पुसायला जाऊ नका.

कॅसेट धड असेल तर:

- पाठीमागच्या कडेला डाव्या कोपऱ्यात एक छोटी प्लास्टिकची पट्टी असते. ती मोडून टाका. पट्टी गेली की त्या कॅसेटवर पुन्हा रेकॉर्ड होत नाही. आमच्या घरी ही पट्टी वेळेवर मोडली असती तर मला हा लेख निम्मा लिहावा लागला असता.
- आधी पूर्ण पुढे, मग पूर्ण मागे गुंडाळून घ्या. वर्षानुवर्षं एका जागी चिकटलेली फीत त्याने सैल होते.
- पावसाळ्यात शक्यतो हे काम काढू नका. काढलंत तर कॅसेट दोन-तीन दिवस हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवा.

कॅसेटऐवजी फिल्मचं रीळ मिळालं तर मामला वेगळा. डबा उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर फिल्म आतून कुजायला लागली आहे आणि तो वास शेजारच्या रिळांनाही बाधतो. असं रीळ लगेच इतरांपासून दूर ठेवा. जुन्या प्रोजेक्टरवर चढवून 'बघूया तरी' करू नका. आकसलेली फिल्म दात्यांवर फाटते. १६ मिलिमीटरच्या ४०० फुटांच्या रिळात जेमतेम अकरा मिनिटांचं चित्रण असतं, सुपर एटच्या ५० फुटी रिळात सव्वातीन मिनिटांच्या आसपास. तेवढ्यातली दहा सेकंदं गेली तरी पुष्कळ गेलं.

४. काय काय लागेल

घरीच करणार असाल तर:

- चालू स्थितीतला व्हीसीआर, हेड साफ करून घेतलेला. ठाण्यात आणि कल्याणला जुने टीव्ही दुरुस्त करणाऱ्या दुकानांत विचारा, एखादा हमखास निघतो.
- पिवळी, पांढरी, लाल अशा तीन पिनांची केबल
- यूएसबी कॅप्चर कार्ड आणि बऱ्यापैकी लॅपटॉप
- दोन बाहेरच्या हार्ड डिस्क. पेनड्राइव्ह नको.
- हेडफोन
- वही, पेन्सिल

मिनी डीव्हीची छोटी कॅसेट असेल तर तिला कॅमेराच लागतो आणि फायरवायरची केबल. त्यात एका तासाला साधारण १३ जीबी जागा धरा.

५. फाइल करताना

टीव्हीच्या चित्राची आपल्याकडची प्रणाली 'पाल' (PAL). सॉफ्टवेअरमध्ये पाल निवडा, ७२० बाय ५७६, सेकंदाला २५ फ्रेम. एनटीएससीवर (ही अमेरिकेकडची प्रणाली) राहिलं तर चित्र काळंपांढरं तरी येतं नाहीतर फिरत राहतं, आणि माणूस दोन दिवस केबललाच दोष देत बसतो. मी बसलो होतो.

पहिली फाइल कसलीही सफाई न करता, जशी येईल तशी, मोठ्या आकाराची करा. आडव्या रेषा, खरखर, सुरुवातीच्या मुंग्या, सगळं राहू द्या. सुंदर करायचं ते नंतर, प्रतीवर.

दुकानात देणार असाल तर काय होतं तेही ऐका. मी पहिल्यांदा कॅसेट स्टेशनजवळच्या एका दुकानात दिली. आठवड्याने डीव्हीडी मिळाली. पडद्याच्या कोपऱ्यात दुकानाचं नाव सतत झळकत होतं, चित्र आडवं ताणून हल्लीच्या टीव्हीच्या मापाचं केलेलं, त्यामुळे उपाशी बसलेले कामगार गरगरीत दिसत होते. आणि बावीस मिनिटांची सतरा झाली होती. विचारलं तर मालक म्हणाला, "खराब पोर्शन काढून टाकला ना, फ्री मध्ये." त्या खराब पोर्शनमध्ये चित्र हलत होतं, पण आवाज स्वच्छ होता. कामगारांच्या मागण्या तिथेच वाचून दाखवल्या होत्या.

म्हणून दुकानात देताना कागदावर लिहून सही घ्या: काहीही कापायचं नाही, नाव टाकायचं नाही, संगीत जोडायचं नाही, चित्राचं माप चारास तीनच ठेवायचं, डीव्हीडी नको, फाइल हवी, आणि मूळ कॅसेट परत. जमलं तर स्वतः समोर बसा. दीड तासाचं काम आहे. दुकानदार वैतागतो, वैतागू दे.

६. प्रती

तीन प्रती: एक तुमच्याकडे, एक दुसऱ्या प्रकारच्या साठवणुकीत, एक दुसऱ्याच घरात. आमची तिसरी प्रत ताईच्या सासरी, ऐरोलीला आहे. फाइलचं नाव 'फायनल नवीन २' असं ठेवू नका. वहीतला नंबर, अंदाजे साल आणि जागा एवढं पुरे.

७. साल कसं काढायचं

इथे मजा आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

पहिली गोष्ट, पडद्यावर कोपऱ्यात छापून आलेल्या तारखेवर विसंबू नका. कॅमेऱ्यातली छोटी बॅटरी संपली की घड्याळ आपोआप एखाद्या वर्षाच्या १ जानेवारीवर जातं आणि तिथून पुढे चालत राहतं. आमच्या कॅसेटवर '१ जानेवारी १९८८, रात्री १२ वाजून ४० मिनिटं' असं होतं आणि चित्रात माणसं उन्हाने डोळे बारीक करून उभी होती.

मग चित्रातच शोधा. या पट्ट्यात उपयोगी पडणाऱ्या काही खुणा:

गाड्यांचे नंबर सगळ्यात भरवशाचे. १९८८ चा मोटार वाहन कायदा १ जुलै १९८९ पासून लागू झाला आणि त्याच सुमारास 'एमएच' ने सुरू होणारे नंबर आले. त्याआधीचे नंबर एम पासून सुरू होणाऱ्या तीन अक्षरांचे असत. एमएच-०४ ठाण्याचा. नवी मुंबईचा एमएच-४३ त्याच्या पुष्कळ नंतरचा. रस्त्यावर एकही एमएच नसेल तर चित्रण बहुधा त्याआधीचं. एक जरी दिसला तरी त्यानंतरचं.

पाट्या आणि फलक वाचा. ठाणे महापालिका १९८२ मध्ये झाली, नवी मुंबई महापालिका १ जानेवारी १९९२ ला अस्तित्वात आली. त्याआधी इकडे सिडको, एमआयडीसी आणि ग्रामपंचायती. भिंतीवर 'नवी मुंबई महानगरपालिका' रंगवलेलं दिसलं की एक टोक पक्कं झालं. इंग्रजी पाट्यांवर बॉम्बे आहे की मुंबई तेही बघा, ते नाव १९९५ मध्ये बदललं.

रेल्वे. वाशीपर्यंत लोकल १९९२ मध्ये आली. ठाण्याहून वाशीकडे येणारी लोकल थेट २००४ मध्ये. द्वारसभेच्या मागे लोकल धडधडत जात असेल तर तुमचा ८६ चा अंदाज चुकला.

माणसांच्या अंगावरच्या आणि हातातल्या वस्तू. खांद्यावर किंवा कमरेला लोखंडी आकडी दिसली तर ते माथाडी. माथाडी कायदा १९६९ चा. मुंबईतले घाऊक बाजार टप्प्याटप्प्याने तुर्भ्याला हलले तसे माथाडीही इकडे आले. झेंड्याचा रंग बघा, पण त्यावरून युनियनचं नाव ठोकून देऊ नका. लाल झेंडे बऱ्याच संघटनांचे होते. आणि कृपा करून, चष्मा घालून माइकवर तावातावाने बोलणारा प्रत्येक माणूस दत्ता सामंत नसतो. त्यांच्या नेतृत्वाखाली १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या मुंबईच्या गिरणी संपात अडीच लाखांच्या आसपास कामगार उतरले आणि त्या नावाची छाप इतकी मोठी पडली की पुढे दहा वर्षं इकडचा प्रत्येक संप लोकांच्या आठवणीत 'सामंतांचा संप' होऊन बसला. आमच्या गल्लीत तिघांनी तसं शपथेवर सांगितलं. त्या कॅसेटमधले वक्ते वेगळ्याच युनियनचे निघाले.

आमचं साल असं सापडलं. गेटच्या बाजूला उभ्या टेम्पोवर एमएच-०४, म्हणजे जुलै ८९ च्या आधी नाही. ताईची हळद फेब्रुवारी ९१ ची आणि ती याच्यावरून रेकॉर्ड झालेली, म्हणजे त्यानंतर नाही. मधली दीडेक वर्षं उरली. सगळ्यांच्या अंगात हाफ शर्ट, पण दोघातिघांच्या गळ्यात मफलर, म्हणजे थंडी नुकती सुरू. मग बाबांच्या पत्र्याच्या पेटीत टाळेबंदीच्या नोटिशीची झेरॉक्स मिळाली: नोव्हेंबर १९९०. अशी कागदं शोधा: नोटीस, वर्गणीची पावती, पगारपत्रक, युनियनचं पत्रक, कामगार न्यायालयाची तारीख लिहिलेला चिटोरा. वर्तमानपत्रांच्या जुन्या अंकांसाठी ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या जुन्या ग्रंथालयात विचारा. १८९३ पासूनची संस्था आहे. जाताना महिना नक्की करून जा. 'नव्वदच्या आसपास' म्हणून गेलात तर काउंटरवरच्या माणसालाही मदत करता येत नाही.

८. माणसांना दाखवा, आणि लवकर दाखवा

मशीनचं काम दोन दिवसांत उरकतं. माणसांचं काम वर्षभर चालतं, आणि तेच आधी करायला हवं होतं. मी कॅसेट साफ करून घेण्यात चार महिने घालवले. तेवढ्यात त्या चित्रातले दोघे गेले.

पद्धत अशी. लॅपटॉप घेऊन घरी जा. सगळ्यांना एकदम बोलावू नका. एकाने 'हा अमुक' म्हटलं की बाकीचे मान डोलावतात. एकेकट्याला दाखवा. आधी काही न विचारता पूर्ण दाखवा. दुसऱ्यांदा दाखवताना थांबवत जा आणि तो जे बोलेल ते वेळेसकट लिहा. आमच्या वहीतलं एक पान असं आहे:

०१:१९:१० – गेट बंद, साखळी. डावीकडे पिवळा टेम्पो.
०१:२१:४० – निळा शर्ट, बोटात अंगठी. 'रंगखात्यातला, दुसऱ्या पाळीचा' (दोघांनी सांगितलं)
०१:२६:०५ – बायका, जेवणाचे डबे. लाल काठाची साडी कोण?
०१:३३:३० – आवाज: 'पोलीस आले'. कॅमेरा खाली, जमीन दिसते.

हे चित्रासोबत वेळ लावून टिपण करण्याचं तंत्र मी पॅड डॉट एमए या संकेतस्थळावरून उचललं. २००८ पासून चालू असलेला हा व्हिडिओसंग्रह आहे. तयार माहितीपटांपेक्षा कच्चं चित्रण तिथे जास्त, आणि शेजारी प्रत्येक तुकड्याचं वर्णन. एखादी संध्याकाळ तिथे घालवा. कच्च्या चित्रणात काय काय बघायचं असतं याची नजर येते.

बोलणं फोनवर रेकॉर्ड करा, आधी विचारून. आणि चित्राबाहेरचं विचारा. कॅमेरा कुठे उभा होता? पाठीमागे काय होतं? दुपारी जेवण कुठून आलं? 'संपाबद्दल सांगा' म्हटलं की माणूस भाषण ठोकतो. 'हे डबे कुणी आणले?' म्हटलं की बोलायला लागतो. या एका प्रश्नावर गोठिवलीच्या एका काकूंनी पाऊण तास सांगितलं: कोणत्या घरातून किती भाकऱ्या, सुकट कुणी दिली, उधारी किराणावाल्याने कधी बंद केली, कुणाचे डाग गहाण पडले. यातलं काही कॅसेटमध्ये दिसत नाही. डबे दिसतात फक्त, चार सेकंद.

गेटजवळ एक उंच माणूस पाठमोरा उभा आहे, चेहरा एकदाही वळत नाही. सहा जणांनी ओळखला नाही. सातव्या घरी म्हातारे काका चष्मा न लावताच म्हणाले, "ह्यो आमचा बापूस. उभा रवाची सवय बघ ना, एक पाय वाकडा." हे काका आज कॅसेटमधल्या त्या माणसाच्या तेव्हाच्या वयापेक्षा वीस वर्षांनी मोठे होते. मी त्या वेळेपुढे नाव लिहिलं, त्यांनी ते वहीत स्वतः वाचून खात्री करून घेतली.

९. कुणाचं नाव जाहीर सांगायचं आणि कुणाचं नाही

आमच्या बावीस मिनिटांत एक जागा आहे. पोलिसांच्या कड्यातून सहा-सात माणसं मान खाली घालून कंपनीत शिरतात आणि बाजूने शिव्या पडतात. सगळ्या जुन्या कामगारांनी ती माणसं पटापट ओळखली. नावांसकट, गावांसकट. त्यातल्या एकाची सून आमच्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहते.

मी नावं वहीत लिहिली, पण वेगळ्या पानावर, आणि ते पान कुणाला दाखवत नाही. कार्यक्रमाच्या आधी तिला घरी जाऊन तो तुकडा दाखवला. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, सासऱ्यांनी मुलीच्या ऑपरेशनसाठी ॲडव्हान्स उचलला होता, ते कधी कुणाशी बोलले नाहीत. तिने तो तुकडा काढायला सांगितलं असतं तर मी काढला असता. तिने नाही सांगितलं. तुम्ही काय कराल ते तुम्ही ठरवा, पण भरल्या हॉलमध्ये कुणाला आपल्या बापाचा चेहरा असा अचानक दिसू देऊ नका. मार खाणाऱ्या बायका, लहान मुलं आणि अजून खटला चालू असलेली माणसं यांच्याबाबतीतही हेच. फेसबुकवर टाकायची घाई तर मुळीच नको.

१०. हक्क आणि परवानगी

मी वकील नाही. एका वकील मित्राला विचारून जे कळलं ते थोडक्यात.

चित्रणाचा मालक कोण? कॅसेट तुमच्या घरी आहे म्हणून हक्क तुमचा होत नाही. पैसे देऊन कुणाकडून शूटिंग करून घेतलं असेल आणि वेगळा करार नसेल, तर कॉपीराइट कायद्यानुसार पहिला हक्क पैसे देणाऱ्याचा. आमच्या डबीतली पावती युनियनच्या नावाची होती, म्हणून आम्ही युनियनच्या जुन्या सरचिटणिसांकडून साध्या कागदावर संमती घेतली. शूटिंगवाल्यालाही जाऊन सांगितलं. आता त्याचा मुलगा ड्रोन उडवतो. त्याला बापाचं हे काम माहीतच नव्हतं.

दुसऱ्याचा तयार माहितीपट दाखवायचा असेल तर निर्मात्याला लिहा. 'तिकीट नाही, मग परवानगी कशाला' हा समज चुकीचा आहे. प्रकाशित झालेल्या चित्रपटाचा कॉपीराइट, प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं राहतो. म्हणजे १९६० चा चित्रपट २०२० संपताना मोकळा झाला. कामगारांवरचे बहुतेक माहितीपट त्याच्या बरेच नंतरचे आहेत.

सार्वजनिक ठिकाणी चित्रपट दाखवायला १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याप्रमाणे सेन्सॉर बोर्डाचं प्रमाणपत्र लागतं, माहितीपट असला तरी. महोत्सवांसाठी आयोजक माहिती व प्रसारण मंत्रालयाकडून सूट मागतात. आम्ही जाहिरात, फ्लेक्स काही केलं नाही. कॅसेटमधल्या माणसांच्या घरच्यांना नावाने चिठ्ठ्या दिल्या. तुम्ही मोठा कार्यक्रम करणार असाल तर आधी वकिलाला विचारा.

सरकारी चित्रण हवं असेल तर दोन जागा. पेडर रोडवरची फिल्म्स डिव्हिजन, १९४८ ची. थिएटरात पिक्चरच्या आधी लागायची ती समाचारचित्रं त्यांचीच. आणि पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय, १९६४ चं. दोन्ही आता एनएफडीसीच्या (राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाच्या) छत्राखाली आहेत. जाण्याआधी लेखी विचारणा करा आणि विषय, काळ, वापर नेमका लिहा. समाचारचित्रांत धरणं, कारखाने, उद्घाटनं भरपूर दिसतील. संप शोधायला डोळ्यांत तेल घालावं लागतं, कारण कॅमेरा सरकारचा होता.

११. दाखवण्याचा दिवस

रविवार, दुपारी चार. रात्री नको, म्हाताऱ्यांना घरी सोडायला माणूस मिळत नाही. उघड्यावर दाखवणार असाल तर लाउडस्पीकरची लेखी परवानगी लागेल, रात्री दहानंतर तो बंदच.

चित्रापेक्षा आवाजाकडे लक्ष द्या. भाड्याच्या प्रोजेक्टरचा स्वतःचा स्पीकर डासासारखा गुणगुणतो. वेगळा स्पीकर आणा आणि ज्या जागी बोलणं कळत नाही तिथे खाली मराठीत ओळी टाका. प्रोजेक्टरचं माप चारास तीनवर आहे ना, ते लोक यायच्या आधी बघा. पहिली रांग जुन्या कामगारांची. पुढाऱ्यांना दुसरीत बसवा, रुसले तर रुसले.

एकदा सलग दाखवा. मग चहा. मग पुन्हा दाखवा, या वेळी एका शाळकरी पोराच्या हातात थांबवायचं बटण द्या आणि कुणी हात वर केला की थांबवायला सांगा. आमची बावीस मिनिटं दुसऱ्या फेरीत अडीच तास चालली. वहीसाठी दोन माणसं बसवा, एकाला झेपत नाही. लाल काठाची साडी कोण ते त्याच दिवशी कळलं, तिची धाकटी जाऊ चौथ्या रांगेत होती.

प्रास्ताविक, सत्कार, शाल-नारळ एवढं मात्र ठेवू नका. आम्ही ठेवलं होतं. पाऊण तास त्यातच गेला आणि दोन काका पहिली फेरी सुरू व्हायच्या आत घरी गेले.

१२. मूळ कॅसेट

फाइल झाली तरी कॅसेट टाकू नका. उभी ठेवा, पुस्तकासारखी. फ्रिज, स्पीकर आणि बाहेरच्या भिंतीपासून लांब, माळ्यावर तर नाहीच. कुठल्या संग्रहालयाला द्यायची असेल तर कॅसेटबरोबर वहीची प्रत आणि संमतीचे कागद द्या, आणि पोच घ्या.

यूट्यूबवर टाकणार असाल तर हळदीचा भाग आधी कापा. त्यातल्या गाण्यांवर कंपन्यांचा हक्क निघतो आणि अख्खा व्हिडिओ अडकतो. कापलेला भाग मात्र पुसू नका. मी पहिल्या प्रतीत तो उडवला होता आणि ताई दोन आठवडे माझ्याशी बोलली नाही. आता आमच्याकडे दोन फाइली आहेत, आणि कॅसेटच्या पाठीवर बाबांच्या अक्षराखाली मी पेन्सिलीने लिहिलंय: 'व द्वारसभा, नोव्हेंबर १९९०'.